माहीत असलेला बिघाड डीलरला कळतो, मग मालकाला का नाही?

पांदण रस्ता (धामणगाव रेल्वे तालुका)

सोयाबीनला बरा भाव मिळाला त्या साली डिझेल एसयूव्ही घेतली, बीएस-६ (धुराच्या नव्या नियमांतली). कंपनीचं नाव मुद्दाम लिहीत नाही. नाव लिहिलं की अर्धे जण कंपनीच्या बाजूनं आणि अर्धे विरोधात भांडतील, मुद्दा तसाच राहील.

माझ्या गाडीचं काम म्हणजे घर ते वावर, वावर ते जिनिंग, बाजाराच्या दिवशी तालुक्याला. पांदणीत पहिला-दुसरा गिअर, डांबरीवर खड्डे. वर्षभरात डीपीएफचा, म्हणजे धुरातली काजळी अडवणाऱ्या गाळणीचा, पिवळा दिवा लागू लागला. मग चालता चालता ताकद जायची, अ‍ॅक्सिलरेटर दाबला तरी गाडी चाळीसच्या पुढे सरकेना. डिपस्टिक काढली तर ऑइल कमी होण्याऐवजी वाढलेलं, वरच्या खुणेच्याही वर, आणि वास डिझेलचा.

वर्कशॉप अमरावतीला. तिथल्या सल्लागारानं निदान केलं की तुमचा वापरच चुकीचा आहे. आठवड्यातून एकदा साठ-सत्तरच्या वेगानं वीसेक मिनिटं पळवत जा, जमलं तर समृद्धीवर चक्कर मारा. म्हणजे धुराची गाळणी साफ व्हावी म्हणून टोल मी भरायचा, डिझेलही मीच जाळायचं. गाडी विकताना ह्याच शोरूमनं ‘शेतकऱ्याची गाडी’ म्हणून चिखलात उभी केलेली गाडी फलकावर लावली होती.

नंतर मालकांच्या व्हॉट्सअ‍ॅप गटात एक परिपत्रक फिरलं. कंपनीनं डीलरांना कळवलं होतं : ह्या काळात बनलेल्या गाड्यांत नवं सॉफ्टवेअर टाका, ऑइल आधी सांगितलं त्याहून लवकर बदला. खाली एक ओळ, तक्रार घेऊन येणाऱ्या ग्राहकांसाठीच. माझी गाडी त्या यादीत बसते. मी नेमानं सर्व्हिसिंगला जात होतो, कोणी चकार शब्द काढला नाही. वॉरंटी संपली आणि मग गाळणी बदलण्याचं एस्टिमेट हातात दिलं.

यंत्र आहे, बिघडणार. पण बिघाडाचं कारण कंपनीला समजलं आणि तिनं ते फक्त डीलरच्या कानात सांगितलं, तर ती लपवाछपवी झाली, असं माझं म्हणणं आहे. पटत नसेल तर सांगा.

चौदाचा पाना

पटत नाही. मी वर्कशॉपमध्ये काम करतो (तुमच्या कंपनीच्या नाही), म्हणून दुसरी बाजू मांडतो.

डीपीएफ काय करतं ते आधी समजून घ्या. १ एप्रिल २०२० पासून बीएस-६ आलं. धुरातली काजळी ही गाळणी अडवते. ती भरली की इंजिन स्वतःच जादा डिझेल फवारून धुराचं तापमान सहाशे अंशांच्या आसपास नेतं आणि काजळी जाळतं. त्याला सलग वेग लागतो. तुम्ही मधेच गाडी बंद केली की जाळणं अर्धवट राहतं, आणि जादा फवारलेलं डिझेल पिस्टनच्या रिंगांवरून खाली ऑइलमध्ये उतरतं. तुमचं ऑइल वाढलं ते ह्यामुळे. भौतिकशास्त्र आहे हे, कंपनीनं केलेलं कारस्थान नाही. मॅन्युअलमध्ये लिहिलेलं असतं.

आता आमच्याकडे गाड्या कशा येतात ते ऐका. ड्रममध्ये साठवलेलं डिझेल. गावातल्या मेकॅनिककडून ट्रॅक्टरचं ऑइल भरलेलं. डीपीएफला कमी राखेचं ऑइल लागतं, दुसरं घातलं की राख गाळणीत कायमची बसते, ती जळतच नाही. आणि दिव्यावर काळी टेप चिकटवलेली गाडी मी ह्या डोळ्यांनी पाहिली आहे. असा मालकही गटात येऊन ‘उत्पादन दोष’ म्हणतो. परिपत्रकाचं म्हणाल तर कंपन्या डीलरांना सतत पाठवत असतात, सीटच्या करकरीपासून वायपरपर्यंत. प्रत्येक परिपत्रक म्हणजे गुन्ह्याची कबुली नव्हे.

वऱ्हाडी गडी

वा रे भाऊ! गाडी इकतानी म्हनते कुठंबी चालवा, अन् बिघडली का म्हनते तुमी कुठंबी चालवली. मंग आमी घ्यावं काय? अन् ते मॅन्युअल डिक्कीतल्या प्लास्टिकच्या पिशवीत रायते, डिलिवरीच्या दिवशी पेढा देतेत, फोटो काढतेत, मॅन्युअल कोन उघडून दाखवते सांग बरं. सेल्समननं एक वाक्य बोलावं का नाई : काका, रोज दोन-तीन किलोमीटरच चालनार असन तर डिझेल घेऊ नोका, पेट्रोल घ्या. पन मंग गाडी खपन काहून?

पांदण रस्ता

@चौदाचा पाना, माझं ऑइल कायम तुमच्यासारख्या अधिकृत वर्कशॉपातच बदललं, बिलं आहेत. टेप चिकटवणाऱ्याची शिक्षा मला कशाला?

आणि भौतिकशास्त्र आहे हे मान्य. पण मग नवं सॉफ्टवेअर कशाला काढलं? गाळणी कधी जाळायची, किती वेळ, किती डिझेल फवारायचं, हे सॉफ्टवेअर ठरवतं ना? आधीचं बरोबर असतं तर बदललं नसतं. शास्त्र सगळ्यांच्या गाडीला सारखंच, पण दुरुस्ती मात्र ओरडणाऱ्यालाच.

बुटीबोरी शिफ्ट

मी सुट्या भागांच्या कारखान्यात आहे. तिकडून बघा जरा. कंपन्या काहीच सांगत नाहीत हे चूक आहे. वाहन उत्पादकांच्या संघटनेची स्वेच्छा रिकॉलची (दोष असलेल्या गाड्या स्वतःहून परत बोलावण्याची) संहिता २०१२ पासून आहे. मारुतीनं जुलै २०२० मध्ये इंधन पंपासाठी १,३४,८८५ वॅगनआर आणि बलेनो परत बोलावल्या, सप्टेंबर २०२१ मध्ये दुसऱ्या एका भागासाठी आणखी १,८१,७५४ पेट्रोल गाड्या. फुकट तपासणी, फुकट बदल. जाहीर केल्यावर लोक काय म्हणतात? ‘बघा, गाड्या खराब आहेत.’ प्रामाणिकपणा दाखवला की बदनामी, मग कंपनी सावध होणारच. आणि प्रत्येक कुरबुरीसाठी लाखो पत्रं पाठवायची ठरवली तर तो खर्च पुढच्या गाडीच्या किमतीत आपणच भरणार.

काळी माती (वणी)

बुटीबोरीवाल्या दादांनी २०२१ चं उदाहरण दिलं ते बरं झालं. त्या रिकॉलमध्ये मालकांना सूचना होती की भाग बदलून होईपर्यंत पाणी साचलेल्या ठिकाणी गाडी चालवू नका आणि विजेच्या भागांवर पाण्याचा फवारा मारू नका. सप्टेंबरात! आमच्या गावाला पावसाळ्यात नाला ओलांडल्याशिवाय जाताच येत नाही. तरीही मी म्हणेन, निदान सांगितलं तरी. मूळ लेखकाची मागणी तेवढीच आहे.

दुसरं म्हणजे, रिकॉलचं पत्र जातं पहिल्या मालकाला. आमच्याकडे गाड्या नागपूर-पुण्याहून तिसऱ्या हातानं येतात, फोन नंबर जुन्या मालकाचाच असतो. सेकंड हँड घेणाऱ्यांनी कंपनीच्या संकेतस्थळावर चासी नंबर टाकून बघावा, तिथे रिकॉल बाकी असेल तर दिसतो. पण मूळ लेखक सांगतात तसं गुपचूप परिपत्रक तिथेही दिसणार नाही.

काळी-पिवळी मामा

टवेरा विसरले का सगळे? आमच्या रूटवर निम्म्या काळ्या-पिवळ्या त्याच होत्या. जुलै २०१३ मध्ये जनरल मोटर्सनं २००५ ते २०१३ मधल्या १ लाख १४ हजार टवेरा परत बोलावल्या, कारण धुराच्या चाचणीत त्यांच्याच माणसांनी गडबड केली होती. कंपनीनं सरकारला ते कळवलं, माणसंही काढली. हे आठ वर्षं चाललं होतं! आणि २०१७ नंतर त्या कंपनीनं भारतात गाड्या विकणंच थांबवलं.

ह्याच कंपनीचं अमेरिकेतलं इग्निशन स्विचचं प्रकरण २०१४ मध्ये बाहेर आलं. चालत्या गाडीत किल्ली सरकून इंजिन बंद, एअरबॅगही उघडेना. कंपनीतल्या इंजिनियरांना दहाएक वर्षं आधीपासून ठाऊक होतं. भरपाईच्या वेळी १२४ मृत्यू धरले गेले. त्यामुळे ‘कंपनी सावध होणारच’ हे वाक्य मला गोड लागत नाही.

बुटीबोरी शिफ्ट

मामा, माणसं मेली तो स्विच आणि शेतावर जाताना भरलेली गाळणी एका पंक्तीत बसवू नका. सुरक्षेचा दोष असेल तर मीही रस्त्यावर उतरेन.

वऱ्हाडी गडी

बायपासले टरक ओव्हरटेक करतानी गाडीची ताकद गेली तर ते सुरक्षेचं होय का नाई? बसून पाह्य एक डाव माया बाजूले.

कोर्टाची पायरी

वकील आहे, ग्राहक आयोगात उभा राहतो. इथे दोन कायदे एकमेकांत मिसळताहेत.

मोटार वाहन कायद्यात २०१९ च्या दुरुस्तीनं कलम ११०-अ आलं. त्याखाली सरकार कंपनीला रिकॉल करायला लावू शकतं, पण दोषामुळे पर्यावरणाला, गाडीतल्यांना किंवा रस्त्यावरच्यांना धोका असला पाहिजे. १ एप्रिल २०२१ पासूनच्या नियमांत गाडी सात वर्षांच्या आतली हवी आणि विक्रीच्या प्रमाणात ठरावीक तक्रारी नोंदल्या गेल्या पाहिजेत. कंपनीला दंड १० लाख ते १ कोटी. मोठ्या कंपनीला हा आकडा किती टोचेल ते तुम्हीच ठरवा. आपले लोक व्हॉट्सअ‍ॅपवर तक्रार करतात, सरकारी पोर्टलवर नाही, म्हणून संख्या भरतच नाही.

ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ मध्ये ‘उत्पादन दायित्व’ आहे, ते ऐकून लोक खूश होतात. जरा थांबा. तिथे ‘हानी’च्या व्याख्येतून खुद्द उत्पादनाचं नुकसान वगळलं आहे. गाडीमुळे तुमचा पाय मोडला तर ते प्रकरण लागू, गाडीची गाळणी गेली तर नाही. तुमचा रस्ता वेगळा : ‘सदोष वस्तू’ आणि ‘सेवेतील त्रुटी’. त्रुटीच्या व्याख्येत ग्राहकापासून संबंधित माहिती हेतुपुरस्सर दडवणं स्पष्ट लिहिलेलं आहे. मूळ लेखक ज्याला लपवाछपवी म्हणतात त्याला कायद्यात जागा आहे.

तक्रार आता राहत्या जिल्ह्यात करता येते, म्हणजे अमरावती. दहा ते वीस लाखांच्या गाडीला शुल्क ४०० रुपये. कारण घडल्यापासून दोन वर्षांची मुदत, ती मात्र पाहा.

चौदाचा पाना

वकीलसाहेब, तज्ज्ञाचा अहवाल कोण देणार ते पण सांगा. दोष बनावटीतला की वापरातला हे सिद्ध झाल्याशिवाय आयोग गाडी बदलून देत नाही, आणि ते बरोबरच आहे.

कोर्टाची पायरी

रास्त आहे. कलम ३८ खाली आयोग वस्तू प्रयोगशाळेत पाठवू शकतो, खर्च आधी तक्रारदाराकडून घेतो. बरीच प्रकरणं तिथेच ढेपाळतात. म्हणून मी पक्षकाराला गाडी बदलून मागण्यापेक्षा ‘माहिती दडवली’ ह्यावर भर द्यायला सांगतो. तिथे पिस्टन उघडावा लागत नाही.

संत्रा बाग (वरुड)

एवढ्या कटकटी कशाला. आमच्याकडे एक जण डीपीएफच कापून काढतो, सॉफ्टवेअर पण मारून देतो. गाडी मस्त पळते.

चौदाचा पाना

आणि विकायला काढाल तेव्हा? गाडीच्या मूळ रचनेत असा बदल मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ नुसार चालत नाही, वॉरंटी जाते, आणि कोर्टात गेलात तर कंपनीचा वकील पहिला तोच फोटो दाखवेल.

पेट्रोलवाला पाहुणा

डिझेलवाल्यांनो, आमचं ई-२० चं (वीस टक्के इथेनॉल मिसळलेल्या पेट्रोलचं) दुखणं पण घ्या की. जुन्या गाडीचे रबरी पाइप...

काळी माती

त्याचा धागा वेगळा काढा दादा, इथे आला तर रात्र संपेल.

पांदण रस्ता

मी तक्रार करायचं ठरवलंय. परिपत्रकाचा फोटो इथे टाकतो, म्हणजे ज्यांची गाडी त्या काळातली आहे त्यांना कळेल.

चौदाचा पाना

फोटो टाकू नका, हात जोडतो. डीलरच्या सिस्टीममधून काढलेल्या कागदावर कुणाच्या लॉगिननं निघाला ते येतं. ज्या पोरानं तुमच्या गटाला मदत केली त्याची नोकरी आठवड्यात जाईल. कंपनीचं काही वाकडं होणार नाही.

कोर्टाची पायरी

फोटोची गरजही नाही. कागदपत्रं हजर करायला लावण्याचे दिवाणी न्यायालयासारखे अधिकार आयोगाला आहेत. अर्जात लिहा : ह्या मॉडेलच्या डीपीएफ आणि इंजिन सॉफ्टवेअरबद्दल डीलरांना पाठवलेली सगळी परिपत्रकं कंपनीनं सादर करावीत. ‘नाहीत’ असं शपथपत्रावर लिहिणं कंपनीला जड जातं.

पांदण रस्ता

बरं, फोटो राहू दे. @चौदाचा पाना, एक सांगा. सॉफ्टवेअर बदललं की जॉब कार्डवर त्याचा व्हर्जन नंबर येतो का?

चौदाचा पाना

आपोआप येईलच असं नाही, पण मागितला तर लिहून देतात. आधीचा आणि नंतरचा, दोन्ही नंबर घ्या, आणि गाडी आत जाण्याआधीच ऑइलची पातळी सल्लागारासमोर मोजून कार्डावर लिहायला लावा. एकदा गेट पासवर सही केली की नंतर कोणी काही लिहून देत नाही.