चीक म्हणजे जनुकीय प्रतिसाद नव्हे

‘कोयता लागला की आंब्याला चीक येतो, तोच झाडाचा जनुकीय प्रतिसाद’ असं कुणीतरी म्हटलंय. अर्धंच पटलं. चीक आधीपासूनच नळ्यांत दाबाखाली भरलेला असतो, म्हणून तर देठ मोडताच चिळकांडी उडते. ती सालीवर पडली की काळा चट्टा उठतो आणि पेटीतल्या हापूसचा भाव उतरतो. म्हणून आमच्याकडे रत्नागिरीत झेल्याने (फळ तोडून झेलणाऱ्या, जाळी लावलेल्या काठीने) काढतानाही दीड-दोन बोटं देठ ठेवायचा, नाहीतर गडी बोलणी खातो. यात जनुकांना जागं करायला वेळच कुठे मिळतो?

जनुकांचं काम त्यानंतर सुरू होतं. इजा झाली की काही मिनिटांत जास्मोनिक आम्ल हे झाडाचं संप्रेरक वाढतं. जॅझ नावाची प्रथिनं एरवी जनुकांवर दाब ठेवून असतात, हे आम्ल वाढलं की पेशी ती मोडीत काढते आणि संरक्षणाची जनुकं सुरू होतात. ग्रीन आणि रायन या संशोधकांनी १९७२ साली दाखवलं की भुंग्यांनी टोमॅटो-बटाट्याची पानं कुरतडली की न कुरतडलेल्या पानांतही किड्याचं पचन बिघडवणारी प्रथिनं साठतात. इजेची खबर देणारा एक निरोप्या १९९१ मध्ये सापडला: सिस्टेमिन, जेमतेम १८ अमिनो आम्लांचा, प्रथिनासारखाच पण छोटा रेणू. पण तो टोमॅटो-बटाट्याच्या कुळातला, हापूसच्या कलमात शोधत बसू नये. जास्मोनिक आम्लाची यंत्रणा मात्र बहुतेक सगळ्या सपुष्प वनस्पतींत आहे, म्हणजे आंब्याबद्दल बोलायचं तर तिथून सुरुवात करावी.