६ कामगारांसाठी कोणता विमा घ्यावा?

वागळे इस्टेटमधून प्रश्न: ग्रिल-शेडचं फॅब्रिकेशन आहे. ६ जण, त्यातले २ रोजंदारीवर. फिटिंगला घोडबंदरच्या टॉवरवर जावं लागतं. सगळ्यांचा अपघात विमा काढला तर पुरेल का?

रबाळे एमआयडीसीतून उत्तर: नाही पुरणार. त्याने मालकाची कायदेशीर जबाबदारी सुटत नाही. कामगार नुकसानभरपाईची पॉलिसीच हवी. कामावर मृत्यू झाला तर भरपाई म्हणजे निम्मा पगार गुणिले कायद्याच्या तक्त्यातला वयाचा गुणक. पगार १५,०००, वय ३० असेल तर ७,५०० × २०७.९८, म्हणजे १५,५९,८५० रुपये. हे खिशातून भरायचं म्हटलं तर धंदाच बसेल.

प्रीमियम वाचवायला पगार कमी दाखवू नका, क्लेमही कापला जातो. प्रपोजलमध्ये नुसतं ‘वर्कशॉप’ नको. साइटवर, उंचीवर फिटिंग होतं हे स्पष्ट लिहा, वाद नेमका तिथेच होतो. रोजंदारीवाले धराच. उपचारखर्चाचं कव्हर बहुधा वेगळं जोडावं लागतं, तेही विचारून घ्या.

तुर्भ्याहून आणखी एक उत्तर: १० माणसं झाली की ईएसआयसी, म्हणजे सरकारची कर्मचारी राज्य विमा योजना लागू. २१,००० पर्यंतच्या पगारावर मालकाचे ३.२५ टक्के, कामगाराचे ०.७५. तोवर हजेरीपट आणि पगारपत्रक बँकेच्या नोंदींशी जुळतं ठेवा. क्लेमला हीच कागदपत्रं लागतात.