लहान पुरवठादाराचे पैसे ४५ दिवसांत न देणाऱ्याला ‘अ‍ॅक्मा’चं सभासदत्व का मिळावं?

भोसरीचा सीएनसीवाला

२०२४-२५ मध्ये देशातल्या वाहनांच्या सुट्या भागांच्या उद्योगाने ६.७३ लाख कोटी रुपयांची उलाढाल केली, निर्यात २२.९ अब्ज डॉलरची. हे आकडे ‘अ‍ॅक्मा’चे, म्हणजे सुटे भाग बनवणाऱ्या कंपन्यांच्या राष्ट्रीय संघटनेचे. १९५९ पासूनची ही संघटना. दिल्लीत तिच्या शब्दाला वजन आहे, म्हणून माझी मागणी तिच्याकडेच आहे. सभासदत्वाच्या अटींत एक ओळ वाढवा: सूक्ष्म आणि लघु पुरवठादाराचे पैसे ४५ दिवसांत देत नसाल, तर नूतनीकरण होणार नाही.

माझ्याकडे पाच सीएनसी आणि एक व्हीएमसी आहे, म्हणजे संगणकावर चालणारी धातुकामाची मशीन. पिना आणि बुश करतो, ते टिअर-१ च्या, म्हणजे वाहन कंपनीला थेट माल देणाऱ्याच्या, असेंब्लीत जातात. गेल्या ऑक्टोबरचं एक बिल सांगतो. ६ तारखेला माल गेटवर पोचला, चलनावर शिक्का पडला. नऊ दिवस तो इनवर्ड इन्स्पेक्शनला तसाच पडून. १५ तारखेला जीआरएन, म्हणजे माल घेतल्याची त्यांच्याकडची नोंद, झाला आणि ‘आमचे नव्वद दिवस जीआरएनपासून’ असं सांगण्यात आलं. २० नोव्हेंबरला त्या बिलावरचा जीएसटी मी पदरचा भरला. पैसे आले २३ जानेवारीला, तेही डेबिट नोट कापून. ८०० पिनांच्या लॉटमध्ये ११ पिनांना डेंट होते. ते शोधायला त्यांची माणसं लागली, त्याची मजुरी माझ्या बिलातून गेली. डेंट माझे होते, ते मी नाकारत नाही. पण चुकीची वसुली लगेच होते आणि कामाचे पैसे साडेतीन महिन्यांनी, हे मला पटत नाही.

२००६ च्या एमएसएमई (सूक्ष्म, लघु व मध्यम उद्योग) कायद्याचं कलम १५ स्पष्ट आहे. लेखी करार असला तरी ४५ दिवसांच्या वर मुदत नाही, करार नसेल तर १५ दिवस. उशीर झाला तर कलम १६ प्रमाणे रिझर्व्ह बँकेच्या बँक रेटच्या तिप्पट दराने चक्रवाढ व्याज. ते व्याज मागितलेला माणूस माझ्या ओळखीत एकही नाही. मागितलं की पुढचं शेड्यूल येत नाही, हे सगळ्यांना माहीत आहे.

टिअर-१ हिशेबनीस

मी तुमच्या समोरच्या टेबलावर बसतो. स्टील मिलला आगाऊ पैसे द्यावे लागतात, नाहीतर कॉइल हलत नाही. वाहन कंपनी आम्हाला ६० ते ९० दिवसांनी देते आणि दरवर्षी रेट कमी करून मागते. त्या दोघांच्या मधे आमचीही चटणीच होते.

संघटना म्हणजे पोलीस नव्हे. सभासद वर्गणी भरतात ते आपली बाजू मांडली जावी म्हणून. जीएसटीचंच बघा. काही सुट्या भागांवर १८ टक्के, काहींवर २८, आणि कुठला भाग कशात यावरून नोटिसा. सगळ्यांना सरसकट १८ लावा, ही मागणी अ‍ॅक्माने वर्षानुवर्षं लावून धरली. २२ सप्टेंबर २०२५ पासून ते झालं. त्याचा फायदा तुम्हाला नाही झाला? सभासदांना काढत सुटलात तर पुढच्या वेळी दिल्लीत बोलणार कोण?

भोसरीचा सीएनसीवाला

झाला, मान्य करतो. माझे भाग २८ मध्ये होते, आता २० तारखेला कमी काढावे लागतात. पण जो कर मी आधीच भरतो त्याचे पैसे तुमच्याकडून यायला तेवढेच दिवस लागतात. दर बदलला, दिवस नाही बदलले.

शिरोलीची फाउंड्री

नुसते दिवस धरून काय होणार? रेटचं बोला. पिग आयर्न आणि भंगाराचा भाव वर गेला की वाढ मिळायला तिमाही उलटते, आणि भाव उतरला की पत्र आठवड्यात येतं. कास्टिंगला किलोमागे आणि मशिनिंगला तासामागे किमान दर संघटनेनेच ठरवून द्यावा. त्याखाली कुणी कोट करायचं नाही. आपणच एकमेकांचे रेट पाडतो आणि मग वेळेवर पैसे द्या म्हणून रडतो.

स्पर्धा कायदा वाचलेला

शिरोलीकर, हे चुकूनही संघटनेच्या बैठकीत मांडू नका. स्पर्धा कायद्याच्या कलम ३ प्रमाणे एकत्र येऊन भाव ठरवायला मनाई आहे, आणि त्यात संघटनाही येतात. मोठ्यांनाही स्पर्धा आयोगाने सोडलेलं नाही. खऱ्या सुट्या भागांची खुल्या बाजारातली विक्री अडवली म्हणून ऑगस्ट २०१४ मध्ये १४ मोटार कंपन्यांना मिळून अडीच हजार कोटींच्या वर दंड ठोठावला होता.

धाग्यातली मूळ मागणी मात्र वेगळी आहे. आहे तो कायदा पाळा असं संघटनेने सभासदांना सांगणं म्हणजे भाव ठरवणं नव्हे. त्याला कायद्याची आडकाठी मला दिसत नाही. आणि नऊ दिवस माल पडून होता, तर घड्याळ जीआरएनपासून नाही, माल पोचल्यापासून चालू होतं. १५ दिवसांत लेखी हरकत नसेल तर पोचला तोच दिवस स्वीकृतीचा धरतात.

क्लस्टरमधून शिकलेला

माझा अनुभव तुमच्या उलट आहे, म्हणून लिहितो. अ‍ॅक्माच्या तंत्रज्ञान केंद्राच्या क्लस्टर कार्यक्रमात आमचं युनिट होतं. दर महिन्याला सल्लागार यायचे. पहिल्या भेटीत त्यांनी काही शिकवलं नाही, एका मशीनपाशी घड्याळ लावून उभे राहिले. सेटिंग बदलायला ७० मिनिटं लागली. त्यातली निम्मी आमचा सेटर जॉ, स्पॅनर आणि बोरिंग बार शोधत फिरत होता. एक ट्रॉली केली, हत्यारांच्या जागा आखल्या, आणि चार महिन्यांत तेच काम २५ मिनिटांवर आलं. टिअर-१ ने आम्हाला तिथे पाठवलं नसतं तर आम्ही स्वतःहून गेलो नसतो. मोठे सभासद नाराज होऊन बाहेर पडले तर हे बंद पडेल, ही मला खरी भीती वाटते.

दुसरी भीती त्याहून जवळची. ४५ दिवसांत दिलं नाही तर खरेदीदाराने तो खर्च त्या वर्षी वजावटीत धरायचा नाही, असं आयकराचं कलम ४३बी(एच) २०२४ मध्ये लागू पडलं, तेव्हा काय झालं? ‘उद्यम नोंदणी रद्द करा, नाहीतर ऑर्डर मध्यम उद्योगाला देतो’ असे फोन आले. उद्यम ही लहान-मध्यम उद्योगांची सरकारी नोंदणी, आणि मध्यम उद्योगांना ते कलम लागतच नाही. नियम आवळला की आधी लहानाचंच काम जातं. तुमच्या सभासदत्वाच्या अटीनेही तेच होईल.

भोसरीचा सीएनसीवाला

मलाही तो फोन आला होता. तुमचा मुद्दा बरोबर आहे, म्हणून मागणी बदलतो. अट उद्यम नोंदणीला बांधू नका. पुरवठादार सूक्ष्म असो, मध्यम असो, नोंदलेला असो की नसो, मुदत सगळ्यांना एकच. मग काम हलवून काही वाचणार नाही. आणि एकदम काढून टाकू नका, आधी नावं जाहीर करा. ब्रिटनमध्ये २००८ पासून वेळेवर पैसे देण्याची अशी एक संहिता होती. कंपन्या आपखुशीने सही करायच्या, आणि २०१९ मध्ये ती न पाळणाऱ्या मोठमोठ्या कंपन्यांना नावानिशी निलंबित केलं. एखादी कंपनी त्यापायी बुडाली असं ऐकलं नाही.

क्लस्टरचं मोल मी कमी करत नाही. सेटिंगची ४५ मिनिटं वाचवायला मीही येईन. पण वाचलेल्या वेळात जादा माल काढला, तर तोही नव्वद दिवस अडकतो. वाढलेल्या कामाला स्टील आणि इन्सर्ट (हत्याराची कापणारी पाती) रोख घ्यावे लागतात. माझी बँकेची सीसी (कॅश क्रेडिट) लिमिट दिवाळीआधीच संपलेली असते.

सरकारी योजनांचंही तेच. ऑटो क्षेत्राच्या पीएलआय (उत्पादनाशी जोडलेल्या प्रोत्साहनाच्या) योजनेत २५,९३८ कोटी ठेवले. सुटे भाग बनवणाऱ्याला पात्र व्हायला समूहाची उलाढाल किमान ५०० कोटी हवी. माझ्यासारख्याला त्यातलं काही पोचायचं असेल तर ते वरच्या टिअरमधूनच येणार. वरचा टिअर म्हणजे अ‍ॅक्माचे सभासद. मग त्यांना कुणी विचारायचं?

टिअर-१ हिशेबनीस

मुदत सगळ्यांना एकच, याला माझा विरोध नाही. पण मग ती वाहन कंपन्यांपासून सुरू करा. त्यांची संघटना सियाम. अ‍ॅक्माने आधी सियामबरोबर बसून आमचे दिवस कमी करून घ्यावेत, आम्ही खाली लगेच कमी करू. वरून पाणी आल्याशिवाय आम्ही कुठून सोडणार?

तोपर्यंत ट्रेड्स आहे, बिलांवर आधीच पैसे मिळवून देणारा ऑनलाइन मंच. २५० कोटींच्या वर उलाढाल असलेल्या कंपन्यांना ३१ मार्च २०२५ पर्यंत तिथे नोंदणी सक्तीची होती. आमची झाली आहे. बिल चढवा, बँका बोली लावतात, दोन-तीन दिवसांत पैसे.

शिरोलीची फाउंड्री

आमच्याही खरेदीदाराची नोंदणी आहे. बिल मात्र एकही गेलेलं नाही.

भोसरीचा सीएनसीवाला

मी चढवलं होतं. त्यावर खरेदीदाराची स्वीकृती लागते, ती आल्याशिवाय बोली सुरूच होत नाही. १७ दिवस वाट पाहिली. फोन केला तर ‘साहेब ऑडिटमध्ये आहेत’. शेवटी बिल मागे घेतलं. हिशेबनीस, ती स्वीकृती देण्याचं काम तुमच्याच खात्याकडे असतं ना?

टिअर-१ हिशेबनीस

हो. माझ्याच टेबलावर असतं. स्वीकृती दिली की देय तारीख पक्की होते, मग ती पुढे ढकलता येत नाही, म्हणून वरून थांबवायला सांगतात. सोमवारी आमच्याकडे किती बिलं अशी थांबली आहेत ते काढतो आणि प्लांट हेडसमोर ठेवतो. ते काय म्हणतील ते आत्ता सांगता येत नाही.