मदत हवी आहे: टायमरचा इंटरप्ट माझ्या हँडलरकडे येतच नाही

नमस्कार मंडळी. शिरोली एमआयडीसीत आमचं छोटं युनिट आहे, फाउंड्रीवाल्यांना भट्टीचं तापमान दाखवणारी पॅनेलं बनवतो. एसटीएम३२ मायक्रोकंट्रोलर, भाषा सी, कंपायलर जीसीसी. रविवारी निवांत बसून कोड जरा साफसूफ केला आणि तिथंच माशी शिंकली. टायमरचा इंटरप्ट (हार्डवेअरची हाक) आला की माझं फंक्शन, म्हणजे हँडलर, चालायला हवं, ते चालतच नाही. आता डिस्प्लेवर पहिला आकडा येतो नि तिथंच थिजतो. डीबगरने थांबवलं की दरवेळी डिफॉल्ट हँडलरच्या (ज्या इंटरप्टला आपलं फंक्शन नाही त्याच्यासाठीच्या फंक्शनच्या) अनंत लूपमध्ये.

हँडलरच्या नावाचं स्पेलिंग चारदा तपासलं. चिप सुरू करणाऱ्या स्टार्टअप फाइलमध्ये तेच नाव डिफॉल्ट हँडलरचा वीक अलायस (दुसरं कुणी त्या नावाचं नसेल तरच लागू होणारं पर्यायी नाव) म्हणून आहे. मग माझं फंक्शन वरचढ ठरायला नको? मंगळवारी माल द्यायचाय राव!

उत्तर: साफसूफ म्हणजे नक्की काय केलंत? हँडलरची पहिली ओळ सांगा. मॅप फाइलही (कुठलं नाव कुठल्या पत्त्यावर गेलं त्याची यादी) बघा.

धागाकर्ता: 'स्टॅटिक व्हॉइड' आणि पुढे नाव. बाहेरची फाइल ज्याला कॉल करत नाही त्याला स्टॅटिक लावावं म्हणतात. याला तर कुणीच कॉल करत नाही, थेट हार्डवेअरच! मॅपमध्ये माझ्या हँडलरचा नि डिफॉल्टचा पत्ता एकच दिसतोय.

उत्तर: मग काढा तो स्टॅटिक. हार्डवेअर व्हेक्टर टेबलमधला (कुठल्या इंटरप्टला कुठलं फंक्शन त्या तक्त्यातला) पत्ता उचलतं, पण तो पत्ता लिंकर, म्हणजे कंपाइल झालेल्या फाइली जोडणारा प्रोग्राम, भरतो, आणि तो नावावरूनच. फंक्शनच्या आतल्या व्हेरिएबलला स्टॅटिक लावलं तर त्याचं आयुष्य वाढतं. फंक्शनलाच लावलं की लिंकेज इंटर्नल होतं, नाव फाइलबाहेर जात नाही. वीकला चीत करायला स्ट्राँग सिम्बॉल (लिंकरला फाइलबाहेरही दिसणारं पक्कं नाव) लागतो. तुमचा पैलवान खासबागेत उतरलाच नाही, घरातच शड्डू ठोकत बसला. लिंकरच्या दृष्टीने यात काही चूक नाही, म्हणून एरर नाही. 'डिफाइन्ड बट नॉट यूज्ड' अशी वॉर्निंग मात्र आली असेल.

धागाकर्ता: झालं चालू! वॉर्निंग होती की, बाकीच्यांच्या ढिगात. आता लगेहात एक: डिफॉल्ट हँडलर मी वेगळ्या फाइलीत हलवला आणि सी मधल्या स्टार्टअपमधून त्याला अलायस केलं, तर 'अलायस्ड टू अनडिफाइन्ड सिम्बॉल' येतं. एक्स्टर्न लावूनसुद्धा.

उत्तर: येणारच. अलायस म्हणजे त्याच फाइलमधल्या पत्त्याला दुसरं नाव. एक्स्टर्न नुसतं 'कुठंतरी आहे' एवढंच सांगतं, पत्ता देत नाही. फंक्शनची बॉडी स्टार्टअपमध्येच ठेवा. तिथं ते स्टॅटिक असलं तरी चालतं, बरं का.