मदत हवी आहे : सावळ्या त्वचेवरची सावली मळकट दिसते (राजी फॅनआर्ट, क्रिता)

नमस्कार मंडळी,

भाऊबीजेला धाकट्या भावाला देण्यासाठी 'राजी : ॲन एन्शंट एपिक'मधल्या राजीचं चित्र क्रिता या डिजिटल चित्रकलेच्या सॉफ्टवेअरमध्ये काढतेय. पुण्याच्या नॉडिंग हेड्स गेम्सचा २०२० सालचा हा गेम आम्ही दोघांनी एकाच कंट्रोलरवर आळीपाळीने पूर्ण केला. असुरांनी पळवलेल्या गोलूला शोधायला निघालेली बहीण! भावासाठी दुसरं कुठलं चित्र मला सुचलंच नाही.

प्रसंग असा : रात्र, राजी त्रिशूळ टेकवून उभी, डावीकडून मशालीचा उजेड, उजवी बाजू अंधारात. गेममध्ये कॅमेरा बराच वर आणि लांब असतो, चेहरा नीट दिसत नाही. म्हणून टेबललॅम्प एका बाजूला ठेवून स्वतःच्याच चेहऱ्याचे फोटो काढले आणि त्यावरून उजेड कुठे पडतो ते ठरवलं. रेखाटन आणि सपाट रंग मनासारखे झालेत, त्रिशूळाचा धातूही जमलाय. अडलंय ते गालावर आणि दंडावर.

त्वचेचा मूळ रंग आरजीबी (लाल, हिरवा, निळा यांचे ० ते २५५ मधले आकडे) १४१, ८५, ५४. त्यावर मल्टिप्लाय लेयर (खालचा रंग गडद करणारा थर), इनहेरिट अल्फा (रंग खालच्या आकाराबाहेर जाऊ न देणारी सोय) चालू, आणि सावलीला निळा-जांभळा १२०, १३०, २००. मी पाहिलेल्या व्हिडिओंत असाच रंग वापरला होता आणि गोऱ्या पात्रांवर तो छान बसतो. राजीवर मात्र गाल धुळीने माखल्यासारखा दिसतो. काळा एअरब्रश मारून पाहिला, तर कोळसा फासल्यासारखं झालं. तीन संध्याकाळी यात गेल्या. तिचा रंग उजळ करून मोकळं व्हायचं नाहीये मला. ती सावळी आहे आणि सावळीच तेजस्वी दिसायला हवी. नेमकं काय चुकतंय?

प्रतिसाद १

मल्टिप्लाय म्हणजे खरोखरच गुणाकार. प्रत्येक आकडा गुणून २५५ने भागायचा. तुमच्या दोन रंगांचं उत्तर येतं ६६, ४३, ४२. म्हणजे लाल निम्म्याहून खाली आला आणि हिरवा-निळा जवळजवळ सारखे झाले. त्वचेची ऊब असते ती या तिघांतल्या फरकात, आणि तोच गेला. गोऱ्या त्वचेत तिन्ही आकडे मुळात मोठे असतात, म्हणून तिथे निभावतं.

सावलीला २००, १३०, ११० घेऊन बघा. उत्तर साधारण १११, ४३, २३, म्हणजे गडद पण जिवंत तांबूस. फार लाल वाटलं तर लेयरची ओपॅसिटी (अपारदर्शकता) ७० टक्क्यांवर आणा. उजेड आणि सावली जिथे भेटतात तिथे एक अरुंद पट्टा आणखी भगवट ठेवा.

रात्रीचा निळा सावलीत कालवू नका. तो आकाशातून येणारा उजेड आहे, म्हणून वेगळ्या लेयरवर, फक्त वर तोंड केलेल्या भागांवर द्या : खांदा, कपाळाची कड, नाकाचा दांडा. सावळ्या त्वचेवर अशी चमक जास्त उठून दिसते, तिला घाबरू नका.

प्रतिसाद २

वरच्याशी सहमत. एक भर : सगळ्यात वर काळ्याने भरलेला लेयर ठेवून त्याचा मोड 'कलर' करा. चित्र राखाडी दिसेल. त्यात गाल आणि मागची भिंत एकमेकांत मिसळत असतील, तर दोष त्वचेच्या रंगाचा नाही, भिंतीचा आहे. भिंत बदला.

धागाकर्ती

दोघांचे मनापासून आभार! तांबूस सावली टाकली आणि राजी एकदम समोर उभी राहिली. भिंतीचंही खरंच होतं, ती आता बरीच गडद केली. खांद्यावरची निळी कड अजून प्लॅस्टिकसारखी दिसतेय, बहुधा ब्रश फार मऊ आहे. आज कडक ब्रशने पुन्हा करते.

आता शेवटचं : ए४ आकारात छापायचंय, फाइल २४८० बाय ३५०८ पिक्सेलची आहे. छपाईत काळोखाचे भाग आणखी काळवंडतात असा माझा अनुभव आहे. अशा रात्रीच्या चित्राला मॅट कागद घ्यावा की ग्लॉसी? कुणी छापून घेतलं असेल तर कृपया सांगा.