पुन्हा झालेले खडे राहून गेलेलेच असतील असं नाही
दोन वर्षांपूर्वी ईआरसीपी (तोंडावाटे दुर्बीण घालून पित्तनलिकेपर्यंत पोचण्याची प्रक्रिया) करून आईच्या पित्तनलिकेतले खडे काढले, आता पुन्हा दिसतायत, म्हणजे तेव्हा नीट काढले नव्हते का, असं तुम्ही विचारलंय. लगेच तसं धरून चालू नका. काही महिन्यांतच सापडले तर राहून गेल्याची शक्यता जास्त. एवढ्या अंतराने बहुधा नवे झालेले असतात.

ईआरसीपीत नळीच्या तोंडाशी असलेला स्नायू कापतात. खडे निघायला वाट होते, पण आतड्यातल्या जंतूंनाही वर चढायला रान मोकळं मिळतं. ते पित्तातलं बिलिरुबिन (पिवळं रंगद्रव्य) सुटं करतात, ते कॅल्शियमशी जुळतं आणि तपकिरी खडा धरतो. माझ्या सासऱ्यांचे दुसऱ्या वेळचे खडे डबीत घालून दिले होते: मातीच्या ओल्या ढेकळासारखे, बोटाने दाबले की चुरा. पित्ताशयातले आधीचे मात्र पिवळट आणि टणक होते.

नळी 15 मिमीहून जास्त फुगलेली असेल, तर पित्त साचतं आणि धोका वाढतो. जुन्या रिपोर्टात हे बघाच.

पित्ताशय काढलंय का? त्यात खडे असतील आणि आईंना ऑपरेशन झेपणार असेल, तर ते काढण्याबद्दल सर्जनशी बोला. पित्तनलिका उघडी राहावी म्हणून आत प्लॅस्टिकचा स्टेंट (छोटी पोकळ नळी) बसवलेला असेल तर तो साधारण 3 महिन्यांत काढावा किंवा बदलावा लागतो. बरं वाटतंय म्हणून लोक विसरतात आणि नळी पुन्हा तुंबते. डिस्चार्जच्या कागदावर ती तारीख ठळक लिहायलाच हवी, याबद्दल मला फार कळकळीने वाटतं.

थंडी वाजून ताप, कावीळ आणि उजवीकडे पोटदुखी एकत्र आली, तर सकाळची वाट बघू नका. त्याच रात्री हॉस्पिटल गाठा.