शब्दचर्चा : जन्मजात, आनुवंशिक, जनुकीय (आणि मध्येच वाल)

अनुस्वार : एका आरोग्यपत्रकातलं वाक्य : 'जी-६-पीडी कमतरता हा जन्मजात आनुवंशिक आजार असून रुग्णाने वाल खाऊ नयेत.' जन्मजात आणि आनुवंशिक हे दोन्ही शब्द कशाला? एक पुरला नसता का?

तांबडीपेशी : इथे एक पुरेल, पण शब्द समानार्थी नाहीत. जन्मजात म्हणजे जन्मतःच असलेलं. गरोदरपणात आईला रुबेला झाला तर बाळाला जन्मजात मोतीबिंदू होऊ शकतो. तो आनुवंशिक नाही. उलट हंटिंग्टन हा मेंदूचा आजार आनुवंशिक, पण लक्षणं बहुधा तिशी-चाळिशीत दिसतात. जनुकीय हा तिसरा. फुफ्फुसाचा कर्करोग जनुकांतल्या बिघाडानेच होतो, पण तो बिघाड बहुतेकदा धुरासारख्या कारणाने त्याच पेशींत झालेला असतो, पुढच्या पिढीत जात नाही.

माझा आक्षेप 'आजार' या शब्दाला आहे. जी-६-पीडी हे विकर, म्हणजे शरीरातल्या रासायनिक क्रिया घडवणारं प्रथिन, तांबड्या पेशींना ऑक्सिडीकरणापासून वाचवतं. त्याचं जनुक एक्स गुणसूत्रावर असतं, आणि मुलग्यांकडे एक्स एकच, म्हणून त्रास मुख्यतः त्यांना. एरवी बहुतेकांना काहीच होत नाही. प्रायमाक्विन, डॅप्सोन यांसारखी औषधं, नॅप्थॅलिनच्या डांबरगोळ्या किंवा एखादा जंतुसंसर्ग गाठ पडला की एक ते तीन दिवसांत पेशी फुटतात : डोळे पिवळे, लघवी कोऱ्या चहासारखी, धाप. काही बाळांना जन्मल्यावर तीव्र कावीळही होते. जनुक आईकडून आलं, झटका कपाटातून आला. 'आनुवंशिक आजार' म्हटलं की कपाटाकडे कुणी बघत नाही.

गवतफूल : कपाटाचं खरंच. बाळाचे कपडे डांबरगोळ्यांत ठेवायची आपल्याकडे सवय. नॅप्थॅलिन तेलात विरघळतं, त्यामुळे मालिश केलेल्या अंगावर ते कपडे घातले की त्वचेतून जास्त शोषलं जातं.

आता वाल. हे भाषांतरकाराचं पाप. मूळ शब्द 'फावा बीन', म्हणजे व्हिसिया फाबा, हिंदीत बाकला. त्यात व्हायसिन आणि कॉनव्हायसिन ही रसायनं असतात, तीच अपायकारक. आपले वाल-पावटे लॅबलॅब या वेगळ्याच प्रजातीतले. 'बीन' दिसलं की वाल लिहायचं, आणि घरातली बिरडी बंद!

अनुस्वार : मग चाचणी करून कमतरता नाही असं आलं, की विषय संपला?

तांबडीपेशी : चाचणी कधी केली ते बघा. पेशी फुटल्यावर रक्तात नव्या पेशी जास्त असतात, आणि त्यांत विकर भरपूर. त्यामुळे झटक्याच्या काळात अहवाल खोटाच 'नॉर्मल' येऊ शकतो. संशय असेल तर साधारण तीन महिन्यांनी पुन्हा करतात. व्हायव्हॅक्स प्रकारच्या मलेरियात प्रायमाक्विन रोज किलोमागे ०.२५ मिलिग्रॅम, १४ दिवस देतात, म्हणून त्याआधी ही चाचणी झालेली बरी.

गवतफूल : पत्रकासाठी माझा मसुदा : 'जी-६-पीडी या विकराची आनुवंशिक कमतरता. ठरावीक औषधं, डांबरगोळ्या, बाकला किंवा जंतुसंसर्ग यांमुळे रक्तपेशी फुटू शकतात. कोणतंही औषध घेण्याआधी डॉक्टरांना ही कमतरता सांगा.'

अनुस्वार : 'विकर' किती जणांना कळेल? कंसात एन्झाइम टाकतो. बाकल्याचं चित्रही लागेल, कोकणात तरी नुसत्या नावावरून कुणी ओळखणार नाही.